एचपीव्ही लस विकसनशील देशांना परवडते का? हिशेब कुठे जुळतो आणि कुठे अडतो

प्रश्न असा आहे: गर्भाशयमुखाचा कॅन्सर रोखणारी एचपीव्ही लस महाग, तिचा फायदा दिसायला तीस-चाळीस वर्षं लागणार. मग ज्या देशांत अजून गोवराने आणि जुलाबाने मुलं दगावतात, त्यांनी या लशीवर पैसा का घालावा? आणि घालायचाच असेल, तर तो बायकांच्या तपासणीवर का घालू नये?

लसीकरण कार्यक्रमांच्या खर्चाचे हिशेब मांडणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल. माझं मत आधीच सांगून टाकते. बहुतेक विकसनशील देशांत या लशीवर घातलेल्या पैशाचं चीज होतं, आणि एका डोसवर भागतं हे कळल्यापासून तर त्यावर वाद घालायला फारशी जागा उरलेली नाही. पण लस किफायतशीर असणं वेगळं आणि ती सरकारच्या यंदाच्या तिजोरीला झेपणं वेगळं. चर्चा बहुधा पहिल्या मुद्द्यावर होते, कार्यक्रम अडतात ते दुसऱ्यावर.

आजार किती मोठा, ते पाहू. २०२२ साली जगात सुमारे ६ लाख ६० हजार बायकांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला आणि जवळपास साडेतीन लाख जणी गेल्या. यातले ९४ टक्के मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. श्रीमंत देशांत पॅप स्मियरच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काढून बघायच्या, नियमित तपासणीमुळे हा आजार कित्येक दशकांपूर्वीच ओसरू लागला. गरीब देशांत बाई दवाखान्याची पायरी चढते तेव्हा अंगावरून जायला लागून महिने उलटलेले असतात, आणि रेडिओथेरपीचं यंत्र राजधानीत एखादं असलं तर असतं. रुग्ण बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या, म्हणजे जिच्यावर घर चालतं अशा वयाच्या. आमच्या हिशेबात हे 'गमावलेली निरोगी आयुर्वर्षं' म्हणून येतं. उपचारापायी जमीन गहाण पडली, धाकट्या मुलीची शाळा सुटली, हे बहुतेक मॉडेलांत धरलेलंच नसतं. म्हणून पुढचे आकडे वाचताना फायद्याची बाजू थोडी कमीच मोजली आहे, असं समजून चाला.

या कॅन्सरमागे एचपीव्ही विषाणू आहे हे हाराल्ड त्सुर हाउसन यांनी दाखवून दिलं, त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. या विषाणूचे प्रकार पुष्कळ, पण १६ आणि १८ क्रमांकाचे दोन प्रकारच सुमारे ७० टक्के रुग्णांना कारणीभूत असतात. बाजारातल्या सगळ्या एचपीव्ही लशी निदान या दोघांना रोखतात. लस खरोखर कॅन्सर रोखते का, ही शंका आता मिटली आहे. इंग्लंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या मुलींमध्ये पुढे हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी आढळला, स्वीडनमध्ये सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्यांत ८८ टक्क्यांनी.

आता पैशाकडे वळू. २००६ साली ही लस अमेरिकेत आली तेव्हा एका डोसची किंमत सुमारे १२० डॉलर होती आणि डोस तीन लागायचे. त्या किमतीला गरीब देशांनी तिचा विचारही करू नये, हे सांगायला मॉडेलची गरज नव्हती. २०१३ मध्ये गावी या जागतिक लस-आघाडीने उत्पादकांशी घासाघीस करून किंमत साडेचार डॉलरवर आणली. नंतर चीनमध्ये बनणाऱ्या सेकोलिन लशीला २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता (लशीच्या दर्जाची मान्यता) मिळाली आणि ती आणखी स्वस्त निघाली. भारतात सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅकला २०२२ मध्ये परवाना मिळाला. स्पर्धक वाढले की किंमत उतरते, इथेही तेच झालं.

हे आकडे एकदा कागदावर मांडून बघा. गावीच्या अंदाजाप्रमाणे, तिच्या मदतीवर चालणाऱ्या देशांत हजार मुलींना लस दिली की पुढे साधारण १७ मृत्यू टळतात. लशीचे साडेचार डॉलर, आणि ती मुलीच्या दंडापर्यंत पोचवण्याचा खर्च डोसमागे पाच डॉलर धरू. हे पाच डॉलर मी सोयीसाठी घेतले आहेत, प्रत्येक देशात ते वेगळे निघतात. एक डोस दिला तर हजार मुलींचे ९,५०० डॉलर होतात, म्हणजे टळलेल्या एका मृत्यूमागे सुमारे ५६० डॉलर. दोन डोसांना ११०० च्या वर. आणि २००६ च्या किमतीने तीन डोस दिले असते तर मृत्यूमागे २२ हजार डॉलर. लस तीच, आजार तोच, मुली त्याच. टळलेल्या उपचारांचा वाचलेला पैसा यातून मी वजाही केलेला नाही.

म्हणून एखादा अभ्यास 'ही लस किफायतशीर नाही' असं म्हणत असेल, तर पहिल्यांदा त्यात किंमत कोणती आणि डोस किती धरले आहेत ते बघावं. २०१० च्या आधीचे कितीतरी निष्कर्ष आज निव्वळ या दोन आकड्यांमुळे बाद झाले आहेत.

तिसरा आकडा त्या १७ चा. तो जागोजागी बदलतो. एस्वातिनी, मलावी, झांबिया अशा आफ्रिकी देशांत हा कॅन्सर जगात सर्वांत जास्त आहे, तिथे हजार मुलींमागे फायदा भरपूर. पश्चिम आशियातल्या काही देशांत तो मुळातच विरळा, तिथे त्याच पैशात कमी मृत्यू टळणार. २०१४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासात १७९ देश तपासले होते आणि त्यांतल्या १५६ देशांत ही लस 'अत्यंत किफायतशीर' ठरली होती. उरलेल्या देशांनी लस घेऊच नये असा याचा अर्थ होत नाही. तिथे किमतीवर जास्त ताणून धरायला हवं, एवढंच.

'अत्यंत किफायतशीर' म्हणजे काय, हेही सांगायला हवं, कारण इथे बरीच गल्लत होते. वाचलेलं एक निरोगी आयुर्वर्ष देशाच्या दरडोई जीडीपीपेक्षा स्वस्तात पडलं की त्याला तसं म्हणायचं, असा प्रघात होता. हा निकष फार सैल आहे. गरीब देशाचं आरोग्याचं सरकारी बजेट इतकं तुटपुंजं असतं, की दरडोई जीडीपीइतका पैसा एका आयुर्वर्षाला मोजत गेलं तर ते कधीच संपून जाईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही नंतर लिहिलं की निर्णयाचा नियम म्हणून हा उंबरठा वापरू नका. यॉर्क विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांच्या अंदाजाने गरीब देशांसाठी खरा उंबरठा दरडोई जीडीपीच्या निम्म्याच्याही खाली यायला हवा. मी स्वतः हाच कडक निकष धरते. गावीच्या किमतीत आणि एका डोसवर, आजाराचं ओझं जिथे जास्त आहे तिथे ही लस या कडक परीक्षेतही पास होते. तीन डोसांच्या काळात हे इतक्या खात्रीने म्हणता आलं नसतं.

आता 'फायदा तीस-चाळीस वर्षांनी' या आक्षेपाकडे येते, कारण तो खरा आहे. अर्थशास्त्रात भविष्यातल्या फायद्याला वटाव लावतात, म्हणजे फायदा जितका उशिरा तितकी त्याची आजची किंमत कमी धरतात, बहुतेक वेळा दर वर्षी ३ टक्के. दहा-बारा वर्षांच्या मुलीला आज लस दिली तर तिचा कॅन्सर टळणार तो पन्नाशीच्या सुमारास. चाळीस वर्षांनी वाचलेली १०० आयुर्वर्षं ३ टक्के वटावाने आजच्या हिशेबात ३१ उरतात. दर ५ टक्के धरला तर फक्त १४. गोवराच्या लशीचा फायदा दोन-तीन वर्षांतच पदरात पडतो, त्यामुळे तिला ही कात्री लागत नाही. म्हणजे एचपीव्ही लशीवरचा निकाल कितीतरी वेळा एका टक्केवारीवर फिरतो, आणि ती टक्केवारी कुठल्या प्रयोगशाळेतून येत नाही, माणसं बसून ठरवतात. पैशाला वटाव लावणं मला पटतं. आयुष्यालाही तोच दर लावणं मला पटत नाही: आज दहा वर्षांच्या असलेल्या मुलीचं पन्नासाव्या वर्षीचं जगणं तिच्यासाठी एक तृतीयांश किमतीचं नसतं. म्हणून कुठलाही अहवाल वाचताना ३ टक्क्यांचा निकाल आणि आयुर्वर्षांना वटाव न लावलेला निकाल, दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिकाही दोन्ही मांडायला सांगते.

एका डोसचा मुद्दा मी सारखा काढते आहे, तर तो पुरावा आला कुठून तेही सांगते. २००९ मध्ये भारतात दोन आणि तीन डोसांची तुलना करणारी एक मोठी चाचणी सुरू झाली. दरम्यान आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये चालू असलेल्या एका वेगळ्याच प्रात्यक्षिक प्रकल्पात काही मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ उठला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळीकडची एचपीव्ही लस थांबवली. त्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण पालकांची संमती ज्या रीतीने घेतली गेली त्यावर झालेली टीका रास्त होती आणि तिचे परिणाम पुढची कित्येक वर्षं भोगावे लागले. या थांबवाथांबवीत चाचणीतल्या हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्यांना सोडून दिलं नाही, वर्षानुवर्षं त्यांच्या तपासण्या चालू ठेवल्या. २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला: १६ आणि १८ प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसने ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिलं होतं, तीन डोसांइतकंच. अर्थात कुणाला किती डोस मिळाले हे इथे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं, म्हणून शंकेला जागा होती. ती केनियातल्या चाचणीने भरून काढली. तिथे १५ ते २० वर्षांच्या तरुणींना चिठ्ठ्या टाकून गटांत वाटलं होतं आणि दीड वर्षांनी एका डोसची परिणामकारकता ९७.५ टक्के निघाली. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयोगटासाठी एक डोसही चालेल असं जाहीर केलं.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवायला हवा. एचआयव्ही असलेल्या मुलींना एका डोसवर सोडायचं नाही. त्यांना किमान दोन आणि शक्य तर तीन डोस द्यायचे. एचआयव्हीसोबत जगणाऱ्या बायकांमध्ये या कॅन्सरचा धोका सुमारे सहापट असतो, आणि आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाला हा गट लहान नाही.

एक डोस कमी झाला की निम्मी लस वाचते, असं वरवर दिसतं. प्रत्यक्षात त्याहून जास्त वाचतं, आणि ते कळायला शाळेतला लसीकरणाचा दिवस जवळून पाहावा लागतो. तान्ही मुलं आईच्या कडेवर बसून दवाखान्यात येतात, त्यांचं लसीकरणाचं घडीव वेळापत्रक असतं. दहा वर्षांची निरोगी मुलगी दवाखान्यात येतच नाही, दवाखान्यालाच तिच्याकडे जावं लागतं. त्यासाठी आधी शाळेकडून यादी मिळवायची. यादीत जन्मतारीख असतेच असं नाही, आणि असली तर बऱ्याच मुलींची १ जानेवारी किंवा १ जून. मग वयावर जायचं की इयत्तेवर, यावर अर्धा दिवस जातो. पालकांच्या सह्या आणायला मुलींसोबत दिलेले कागद दप्तरातच राहतात. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवायची आणि गोठू द्यायची नाही, गोठली की फेकावी लागते. आइसपॅक नीट न वितळवता भरले तर डब्याच्या कडेची कुपी आधी जाते. आणि टोचून झाल्यावर मुलींना पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं, कारण एकीला भोवळ आली की रांगेतल्या आणखी चौघींना येते. या दिवसाचा खर्च बहुतेक ठिकाणी लशीच्या किमतीच्या जोडीने जातो, दुर्गम भागात तिच्या वर जातो. दोन डोस असले की सहा महिन्यांनी हे सगळं पुन्हा करायचं. त्या वेळेपर्यंत काहींनी शाळा सोडलेली असते, काहींची कुटुंबं कामासाठी दुसरीकडे गेलेली असतात, आणि त्या मोजक्या मुलींमागे फिरायचा खर्च सर्वांत जास्त येतो.

हे व्यवस्थित करून दाखवलं ते रवांडाने. २०११ मध्ये आफ्रिकेतल्या कमी उत्पन्नाच्या देशांत राष्ट्रीय पातळीवर ही लस पहिल्यांदा त्यांनी सुरू केली आणि पहिल्याच वर्षी ९० टक्क्यांवर मुलींपर्यंत पोचवली. सहावीच्या वर्गांत जाऊन टोचायचं आणि शाळाबाह्य मुली गावातल्या आरोग्यसेवकांनी हुडकून काढायच्या, अशी सरळ विभागणी होती. लस पहिली तीन वर्षं उत्पादकाने फुकट दिली होती हे खरं, पण फुकट मिळालेली लस पोचवता न आलेले कार्यक्रमही असतात.

विश्वास गेला की हिशेबाचं काय होतं, ते कोलंबियात दिसलं. तिथे पहिल्या डोसचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर होतं. २०१४ मध्ये एल कार्मेन दे बोलिव्हार या गावात शेकडो मुलींना भोवळ, हातापायांना मुंग्या असा त्रास झाला आणि त्याचे व्हिडिओ देशभर पसरले. तपासात लशीचा संबंध आढळला नाही, पण २०१६ पर्यंत पहिल्या डोसचं प्रमाण १४ टक्क्यांवर आलं होतं. लस थंड ठेवणारी शीतसाखळी, कर्मचारी, गाड्या यांचा खर्च तसाच राहिला आणि मुली सातपटीने कमी झाल्या. पालकांशी बोलण्याचा खर्च बजेटमध्ये पहिल्यांदा कापला जातो. माझ्या मते तो शेवटी कापावा, कारण सगळ्या हिशेबाचा छेद म्हणजे लस घेणाऱ्या मुलींची संख्या.

त्याच पैशात आणखी काय मिळू शकतं, याबद्दल दोन गोष्टी. सुरुवातीच्या वर्षी फक्त नऊ वर्षांच्या मुली न घेता ९ ते १४ वयोगट एकदम घ्यावा. यंत्रणा एकदाच हलते आणि विषाणूचा फैलाव लवकर घटतो, त्यामुळे लस न घेतलेल्यांनाही आडोसा मिळतो. नायजेरियाने ऑक्टोबर २०२३ मध्ये असंच केलं, एका डोसवर, ७७ लाख मुलींचं लक्ष्य ठेवून. दुसरं म्हणजे मुलगे. मुलींचं प्रमाण जिथे पुरेसं वाढलेलं नाही आणि हात आखडता आहे, तिथे मुलग्यांसाठीचा पैसा राहिलेल्या मुलींवर घालावा, त्यात जास्त जीव वाचतात.

तपासणीचं म्हणाल तर इथे लस की तपासणी असा मामला नाही, कारण दोघींच्या लाभार्थी वेगळ्या आहेत. आज पस्तीस वर्षांच्या असलेल्या बाईला लशीचा फारसा उपयोग नाही, तिला तपासणीच वाचवू शकते. आणि तपासणीचा सर्वांत भक्कम पुरावा तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातून आला आहे. १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण बायकांचा तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदाच केली तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असं त्यातून दिसलं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या निर्मूलन धोरणात ९०-७०-९० असे तीन आकडे एकत्र आहेत: पंधरा वर्षांपर्यंतच्या ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के बायकांची पस्तिशीत आणि पंचेचाळिशीत चाचणी, आणि आजार सापडलेल्या ९० टक्के जणींवर उपचार. पण एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर मी लस निवडेन. चाचणीचा फायदा ती सकारात्मक आलेल्या बाईवर उपचार झाले तरच होतो, आणि दुबळ्या व्यवस्थेत नेमक्या याच टप्प्यावर बायका हातातून निसटतात. लस टोचली की काम झालं.

गोवराच्या पैशातून एचपीव्ही लस घेऊ नका, हे मात्र मी ठामपणे सांगेन. ज्या देशात गोवराचं लसीकरण रेंगाळलं आहे तिथे पहिला पैसा गोवराला. पण अशी निवड प्रत्यक्षात क्वचितच समोर असते. आरोग्य खात्याच्या बजेटमध्ये एचपीव्ही लशीच्या तुलनेत आयुर्वर्षामागे कितीतरी महाग पडणाऱ्या गोष्टी निमूटपणे मंजूर होत असतात, राजधानीतल्या मोठ्या रुग्णालयांची यंत्रं, परदेशी उपचारांची अनुदानं. तुलना करायची तर त्यांच्याशी करा.

उरला तिजोरीचा प्रश्न. गावीच्या यादीतल्या सर्वांत गरीब देशांना डोसमागे २० सेंट भरावे लागतात, बाकीचं गावी देते. देशाचं उत्पन्न वाढलं की हा वाटा वाढत जातो आणि शेवटी मदत बंद होते. मध्यम उत्पन्नाच्या कितीतरी देशांना ही मदत कधी मिळालीच नाही. ते गावीच्या किमतीला मुकतात आणि श्रीमंतांची किंमत त्यांना झेपत नाही, म्हणून गरीब शेजाऱ्याकडे लस सुरू झाली तरी यांच्याकडे वर्षानुवर्षं नसते. अशा देशांनी किफायतशीरपणाचा आणखी एक अहवाल मागवण्यात वेळ घालवू नये. शेजारी देशांसोबत एकत्र खरेदी करावी, लॅटिन अमेरिकेतले देश त्यांच्या प्रादेशिक आरोग्य संघटनेच्या फिरत्या निधीतून तसंच करतात. निविदा दोन लशींवर न थांबवता पूर्वपात्रता मिळालेल्या सगळ्या लशींना खुली ठेवावी. आणि गावीतून बाहेर पडायची वेळ जवळ आलेल्या देशाने पुढच्या काही वर्षांच्या किमतीची हमी मदत चालू असतानाच लेखी घेऊन ठेवावी.